माळ्यावरचं सामान

ठेकेदार उत्तमराव चोरीचं चंदन घराच्या माळ्यावर दडवत. घटस्फोटाचा दावा उभा राहिला, तशी त्यांची बायको कुमुदिनी पेचात पडली. तक्रार करावी, तर नवरा म्हणणार, हीपण सामील होती. गप्प बसावं, तर मन खात होतं.

कोर्टात उत्तमराव ऐटीत म्हणाले, "साहेब, घर माझं. आतला खिळासुद्धा माझा."

"मग माळ्यावरचं सामानही यांचंच," कुमुदिनी म्हणाली. "पंचनामा करून तसं लिहून घ्या."

उत्तमरावांना घाम फुटला. "सामान माझं नाही! घरही तिलाच द्या," म्हणत त्यांनी तसं लिहून देऊन खाली सही ठोकली.

कुमुदिनीने सही निरखून पाहिली.

"साहेब, माझ्या माळ्यावर कुणीतरी चोरीचं चंदन टाकलंय. वनखात्याला कळवायचंय. आणणाऱ्या टेम्पोचा नंबर मला पाठ आहे. टेम्पो मात्र यांच्याच नावावर आहे."