उताण्या कासवाचा पंचनामा

एक होतं जंगल. तिथे वाघ राज्य करत होता, आणि तो रीतसर निवडून आलेला होता. समोर कोणी उभंच राहिलं नाही, हा काही त्याचा दोष नव्हे. या वाघाने म्हाताऱ्या प्राण्यांसाठी नदीकाठी सेवाश्रम काढला आणि तिथे सुरक्षा अधिकारी म्हणून मला नेमलं. मी गाढव आहे. ही शिवी नव्हे, अर्जात मीच तसं लिहिलं होतं.

आश्रमात मागच्या वर्षी एक वाईट गोष्ट घडली. अस्वल या प्रेमळ सेवकाने पडलेल्या सशाला मायेने कवटाळून उचललं आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. सगळं जंगल हळहळलं. मग कायदा आला, आणि खरं सांगतो, कायदा चांगला होता. पडलेल्याला कोणीही उठून उचलू नये. प्रशिक्षण घेतलेल्या दोघांनीच, पट्टा लावून उचलावं. ‘उचलू तर नियमानेच!’ ही घोषणा मी स्वतः शेपटीने भिंतीवर रंगवली. प्रशिक्षणाला जागा दोनच होत्या. त्या दोन बगळ्यांना मिळाल्या, कारण ते वाघाच्या तळ्यावरचे.

चैत्रातल्या एका दुपारी आश्रमातले कासवआजोबा पायरीवरून घसरले आणि उताणे पडले. त्यांची सेवा करणारी सगुणा मुंगूस धावत आली.

“साहेब, करू का सरळ? नाकाने एक ढुशी दिली की झालं.”

“प्रमाणपत्र आहे?”

“अहो, भाकरी उलटायला कोणी प्रमाणपत्र मागतं का? ऊन बघा केवढं आहे! मरतील आजोबा.”

“बगळ्यांना बोलाव.”

“बगळे निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेत.”

आता नियमात बसेल ते सगळं मी केलं. भोवती दोरी बांधली. ‘सावधान! पुढे कासव उताणे आहे’ अशी पाटी लावली. छपराला बांधकाम खात्याची परवानगी लागते, म्हणून मी स्वतःच आजोबांवर सावली धरून उभा राहिलो. पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

सुट्टीनंतर आरोग्यमंत्री तरस प्रचाराला आले. उताणा म्हातारा आयताच सापडलेला पाहून त्यांना भरून आलं. “आजोबा,” ते गरजले, “हे सरकार तुमच्या पाठीशी खंबीर उभं आहे!”

“पाठीशी दगड आहे बाबा,” आजोबा क्षीण आवाजात म्हणाले. “तू जरा पोटावरचं ऊन अडव.”

प्रचाराला जमलेले सगळे हसले. मंत्र्यांचा चेहरा पडला. “पंचनामा करा!” असा हुकूम सोडून ते निघाले, आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. परत येऊन पाहतो तर आजोबा सरळ! तुरुतुरु म्हणता येणार नाही, पण नदीकडे निघालेले. सगुणा शेजारून चालत होती. तिला मी जागच्या जागी निलंबित केलं.

पण पंच यायचे होते, आणि घटनास्थळ तर जसंच्या तसं हवं. मी कायदा पुन्हा वाचला. उचलण्याबद्दल पानंच्या पानं होती. उताणं करण्याबद्दल एक ओळही नव्हती. तेव्हा मी पुढच्या खुराने आजोबांना परत उताणं केलं. त्यासाठी प्रशिक्षण लागलं नाही.

“अरे, पाणी तरी पिऊ द्यायचंस,” आजोबा म्हणाले.

मला फार लाज वाटली. मग पंच आले आणि दोरी छान बांधली आहे म्हणाले, तेव्हा जरा कमी वाटली.

मतमोजणी लांबली. बगळे परतले तेव्हा आजोबा हलत नव्हते. दोघांनी पट्टा लावून, एक-दो-तीन म्हणून, त्यांना उचललं. कवचावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

विजयसभेत वाघाने डरकाळी फोडली, “बंधूंनो, यंदा आमच्या आश्रमात उचलताना एकही म्हातारा जखमी झालेला नाही!” आकडा खरा होता; मीच पुरवला होता. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. सगुणा वाजवत नव्हती. तिच्या चौकशीत मी तेवढा एक आरोप वाढवला.