सिदकचे बदाम

ऐका बरं, आणि मध्येच "पुढे काय, पुढे काय" करायचं नाही. नांदेडच्या पलीकडे, गोदावरीच्या काठी, डाळिंबांच्या बागेला लागून एक इवलंसं घर होतं. त्यात सिदक कौर नावाची सात वर्षांची मुलगी आणि तिची आई राहायची. आईला ती बीजी म्हणायची. बीजी लोकांच्या पगड्या रंगवून द्यायची. केशरी, निळ्या, पिस्ता रंगाच्या पगड्या अंगणात वाळत पडल्या की फुलपाखरंसुद्धा फसायची. पण बीजीला ताप भरला, रंगाची पातेली कोरडी पडली आणि डबेही रिकामे झाले. नदीपल्याड गुरुद्वाऱ्याचा लंगर होता, तिथे कुणीच उपाशी परत जात नाही. पण बीजीला चालवत नव्हतं, आणि आपली अडचण कुणाला सांगायची म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

आणि बापूजी? ते सुतार. दूर डोंगरांच्या मुलखात एका गुरुद्वाऱ्याचे दरवाजे कोरायला गेले, त्याला वर्ष झालं. सिदक त्यांच्या हत्यारांच्या पेटीत नाक खुपसून लाकडाचा वास घ्यायची आणि गुपचूप रडायची. फार, फार आठवण यायची हो तिला.

एका सकाळी डाळिंबाच्या लालचुटुक फुलापाशी तिला बोटभर उंचीची परी दिसली. सोनेरी-जांभळे पंख, केसांत दवाचे मणी, पण बिचारी कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली. सिदकने हळूच फुंकर घालत एकेक धागा सोडवला. परी खूश झाली. म्हणाली, एक इच्छा माग. सिदकला काही विचार करावा लागला नाही.

"माझे बापूजी घरी येऊ देत."

परी म्हणाली, येतील, पण नियम आहे. तीन दिवस एकही खोटं बोलायचं नाही, चिमूटभरसुद्धा नाही, आणि चौथ्या सकाळी इथेच यायचं. सिदकला वाटलं, हात्तिच्या, एवढंच! सच हे वाहेगुरूचंच नाव आहे, खोटं बोललं की आपण त्याच्यापासून लांब जातो, हे बीजीने तिला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रेवाने कुंपणावरून विचारलं, आज काय खाल्लंस? सिदक ऐटीत म्हणाली, "बदाम!" झाडावरच्या पोपटांनी ते ऐकलं. तिच्या मुठीत होते भाजके चणे.

तिसऱ्या दिवशी घरात एकच रोटी उरली. बीजीने विचारलं, "पुत्तर, तू खाल्लंस ना?" नाही म्हणावं, तर बीजी रोटीला हात लावणार नाही. सिदक पटकन बोलून गेली, "हो, पोटभर." बीजी जेवली आणि झोपली. सिदक गटागटा पाणी प्यायली, आणि मग तिला नियम आठवला.

चौथ्या सकाळी परी गाल फुगवून बसली होती. पोपटांनी चहाडी केली होती ना! चणे खाऊन बदाम म्हणालीस, तुझी इच्छा गेली, असं ती म्हणाली.

सिदकने समजावलं, "ते खोटं नाही, परीताई. निहंग सिंग, म्हणजे आमचे निळ्या बाण्याचे योद्धे, चण्यांना बदामच म्हणतात. आमच्याही घरी तसंच म्हणतात. ताटात थोडं असलं तरी मन खट्टू होऊ नये म्हणून. रेवाला ठाऊक आहे. त्यात कुणी फसत नाही."

परी खुदकन हसली. "मग तू एकही खोटं बोलली नाहीस! मिट डोळे. आणते तुझे बापूजी."

तिने चमचमती छडी उचलली. सिदकला वाटलं, फाटकाशी बापूजींची पावलं वाजताहेत. नुसतं गप्प बसायचं होतं. रोटीचं पोपटांना कुठे माहीत होतं?

"थांबा, परीताई," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. बदामाचं नाही, रोटीचं. बीजीला फसवलं मी."

छडी खाली आली. परीचेही डोळे भरले. नियम तिलाही मोडता येत नव्हता. ती एवढंच म्हणाली, जसं मला सांगितलंस, तसंच बीजीला सांग.

सिदक रडत घरी गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. बीजीने तिला घट्ट कवटाळलं.

"माझ्याकडूनच शिकलीस तू हे," बीजी म्हणाली. "मी बापूजींना दर पत्रात लिहिते, आम्ही मजेत आहोत, सावकाश या."

मग तिने खरं पत्र लिहिलं. ताप लिहिला, रिकामे डबे लिहिले, सिदकचं झुरणं लिहिलं. सिदक कुंपणापाशी धावली आणि रेवाच्या आईलाही तिने खरं काय ते सांगितलं. थोड्याच वेळात घरात गरम खिचडी आली. जेवताना खिडकीत सोनेरी ठिपका लुकलुकला. परी! पत्र पोचवायला कुठलाच नियम आड येत नव्हता. तिने पत्र उचललं, सिदकच्या गालाला पंख लावला, आणि घरभर लख्ख उजेड पसरून ती दिसेनाशी झाली. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही.

पत्र गेल्यापासून पाचव्या दिवशी फाटक वाजलं. बापूजी! धुळीने माखलेले, डोळे लाल झालेले. पत्र वाचलं आणि तसेच निघाले होते. त्यांनी सिदकला उचलून छातीशी धरलं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तुम्हाला माझ्याशिवाय जमतंय."

सिदक त्यांच्या दाढीत तोंड लपवून म्हणाली, "नाही जमत, बापूजी."