कण्हेरीवरचा सोनेरी कोश

एका राज्यात, जिथे पाखरंही राजदरबारी तक्रार घेऊन येत, हेमांगी नावाची राणी नांदत होती. तिचा एकुलता एक लेक मणिकर्ण, म्हणजे अंगात नुसती मस्ती. एकदा त्याने मांत्रिकाच्या बागेत शिरून फुलपाखराचे पंख उपटले. मांत्रिक रागीट खरा, पण शब्दाचा पक्का. त्याने पोराला सोनेरी कोशात कोंडलं आणि कोश कण्हेरीला टांगला.

राखणीला साळुंकी होती. राणी धावत आली, तेव्हा ती म्हणाली, "राणीसाहेब, तीन कामं केलीत तर पोर सुटेल. एक जरी चुकलं, तरी कोशाचा दगड होईल."

पहिल्या कामात एक भिजलेला वाल हवेत उलटा तरंगत होता. त्याचं मूळ कुठे वळेल, ते आधी सांगायचं. राणीला हसूच आलं. तिच्या लहानपणी आबासाहेब मुकुट खुंटीला अडकवून तिच्याबरोबर खिडकीत बसत आणि ओल्या कापसावर वाल रुजवत. ती रोज वाल उलटा करी आणि मूळ आपलं रोज वळून खाली जाई. बापलेक पोट धरधरून हसत. किती सुखाचे दिवस होते ते!

"खाली," राणी म्हणाली. मूळ खाली वळलं.

मग उपाशी अळीला घास द्यायचा होता. समोर मध, पेढे आणि कण्हेरीचं कडू पान. राणीने बेलाशक पान उचललं. तेही त्याच खिडकीत शिकलेलं.

"आता तिसरं," साळुंकी म्हणाली. "कोशाला हात लावायचा नाही."

तेवढ्यात कोश हलू लागला. आतून मणिकर्ण रडू लागला, आई, मला सोडव म्हणू लागला. राणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. हात पुढे गेलाच होता, तोच तिला खिडकीतलं ते फुलपाखरू आठवलं. त्याची धडपड बघवेना म्हणून तिने नखाने कोश फाडला होता. त्याचे पंख कधी उघडलेच नाहीत. आबासाहेब रागावले नाहीत, फुलपाखरू मरेपर्यंत त्याला तळहातावर मध चाटवत राहिले.

राणीने पदराने स्वतःचेच हात बांधले आणि रडत बसून राहिली.

उन्हं कलताना कोश आपसूक उकलला. मणिकर्ण ओलाचिंब बाहेर आला. मांत्रिकाच्या बागेत फुलपाखराला पुन्हा पंख फुटले.

"आई, मी इतक्या हाका मारल्या. तुला ऐकू नाही आल्या?"

"सगळ्या आल्या, बाळा," राणी म्हणाली आणि तिने बांधलेले हात त्याच्यापुढे केले.

दुसऱ्या दिवशी राणीचा मुकुट खुंटीला होता आणि खिडकीत मायलेक कापूस भिजवत होते.