दर्या बंदर बघायला आला

एकदा काय झालं, शंखबंदराच्या दर्याला राग आला. त्याचं म्हणणं, माझ्या काठावर एवढं शहर वसलं, गलबतं आली, गलबतं गेली, पण मला कुणी कधी आत बोलावलं नाही. मग आता मीच येतो आणि सगळं पोटात घालतो! लाटा धक्क्यावर चढल्या. लोक पोराबाळांना घेऊन टेकडीकडे पळाले.

बारकी तेवढी पळाली नाही. बारकी म्हणजे होडीतून माणसं किल्ल्यावर नेणारी, बरं का. तिचा नवरा हरजी मासेमारीला गेलेला, अजून परतला नव्हता. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. आणि म्हणाली, “बाबा, गिळायचं तर गीळ. पण आधी शहर बघून तरी घे.”

दर्याला पटलं. त्याने म्हाताऱ्याचं रूप घेतलं, निळं धोतर नेसलं आणि टपटप गळत होडीत बसला.

मग बारकीने त्याला पाण्यातल्या किल्ल्यावर नेलं. तोफा दाखवल्या, बुरूज दाखवले. तिथे एक विहीर होती, चहूकडे खारं पाणी आणि हिचं मात्र गोड. दर्याने जन्मात गोड पाणी चाखलं नव्हतं. ओंजळीमागून ओंजळ प्यायला. बारकीला वाटलं, आटवतो की काय विहीर!

मग बाजार. तिथे पळापळीत दुकानं उघडीच राहिली होती. दर्याने गुळाचं खाजं खाल्लं, अत्तर हुंगलं, काचेच्या बांगड्या किणकिणवल्या आणि पोरासारखा हसला.

मग दोघं दिव्याच्या मनोऱ्यावर चढली. वरून आभाळापर्यंत निळंच निळं.

“हे एवढं कुणाचं गं?” दर्याने विचारलं.

“तुझंच की,” बारकी म्हणाली. “आणि ते दूर ठिपके दिसतात ना, ती आमची माणसं. हा धक्काच बुडाला, तर ती परत कुठे येतील?”

दर्याने त्या ठिपक्यांकडे निरखून पाहिलं. मग हलकेच म्हणाला, “पोरी, दिवा लाव. मी घेऊन येतो त्यांना.”

आणि तो खाली उतरून पाण्यात शिरला. लाटा ओसरल्या. एकेक होडी त्याने तळहातावर घेतल्यासारखी धक्क्याला आणून लावली. हरजी उतरला तो हसतच. बारकीने त्याचा हात घट्ट धरला, सोडेचना.

तेव्हापासून वर्षातून एकदा दर्याला शहर बघायचं आमंत्रण जाऊ लागलं. बारकी, हरजी, सगळं शंखबंदर सुखात नांदलं. चला, पांघरूण घ्या आता, आणि मिटा डोळे.