खाली राहिलेला सुरुंग

एकदा एका खडकाळ माळावरच्या गावात एक वृद्ध ख्रिस्ती पाळक होते, आणि त्यांच्याजवळ धर्मशास्त्र शिकायला आलेला एक शिष्य होता. शिष्य बुद्धिमान होता आणि बुद्धिमानांची खोडही त्याला होती. जे पटत नाही त्याचा निकाल त्याला आजच्या आज हवा असे. एक प्रश्न त्याला छळत होता. देव सर्वसमर्थ आहे, दयाळूही आहे. मग माणसांच्या पापांची क्षमा करायला त्याला क्रूस कशाला लागला? 'केली क्षमा' एवढं म्हणायला त्याला कोणी अडवलं होतं? त्यात निरपराध्याचं रक्त कशाला? पाळक यावर नुसतं "बघू" म्हणत आणि कामाला लागत. त्यांनाच उत्तर ठाऊक नसावं, असं शिष्याला हळूहळू वाटू लागलं होतं.

गावासाठी तेव्हा विहीर खणली जात होती. पाळकांनी तरुणपणी विहिरीच काढल्या होत्या, आणि त्यांचा एकुलता एक मुलगाही याच कामावर होता. खडक लागला की त्याला भोकं पाडून सुरुंग भरायचे, वाती पेटवून वर यायचं आणि काठावर बसून धमाके मोजायचे. जितके भरले तितके फुटले पाहिजेत. एखादा राहिला, तर ज्यानं भरला त्यानंच उतरून तो काढायचा, असा त्या लोकांचा नियम होता.

त्या संध्याकाळी सुरुंग अमोस नावाच्या कामकऱ्यानं भरले होते. दोन धमाके कमी झाले, हे त्याला कळलं. पण अंधार पडत आला होता, घरी लहान लेकरं होती, आणि त्याला खाली उतरायची भीती वाटली. "सगळे फुटले," असं त्यानं सांगून टाकलं. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन आपणच काढू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सकाळी त्याच्याही आधी पाळकांचा मुलगा उतरला. त्याची पहार राहिलेल्या सुरुंगावर बसली. त्याला वर आणलं ते चादरीत बांधून आणलं.

दफनाच्या वेळी अमोसनं सर्वांसमोर कबुली दिली. अजून एक सुरुंग खाली आहे, हेही सांगितलं. पाळकांनी कबरेत मूठभर माती टाकली आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "मी तुला क्षमा केली." आवाज कोरडा होता. शिष्याला ते फार थोर वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा सोपंही वाटलं.

गावाला मात्र ते मान्य नव्हतं. विहीर सोडून देता येत नव्हती, कारण गावाला दुसरं पाणी नव्हतं. तेव्हा असं ठरलं की अमोसनं उतरावं आणि त्याचा दोर कुणी धरू नये. धमाक्यांबद्दल खोटं बोलणाऱ्याचा दोर धरायचा नाही, असा रिवाजच होता. दोर धरणारा नसला, तर प्रसंग आल्यावर वर ओढणारं कोणी नाही. म्हणजे हा देहदंडच होता, फक्त कुणाचे हात रक्तानं भरणार नव्हते. अमोसनं काही हुज्जत घातली नाही. त्यानं दोर कमरेला बांधला.

पाळक पुढे झाले. त्यांनी त्याच्या कमरेचा दोर सोडला, आपल्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक अमोसच्याच हातात दिलं. एकच गलका झाला. शिष्य धावत आला. क्षमा तर तुम्ही केलीत, विषय संपला, मग आता तुम्ही कशाला उतरता, असं तो जवळजवळ रागानंच विचारू लागला.

"मी क्षमा केली म्हणून खालचा सुरुंग विझला का?" पाळक म्हणाले. "तो आहे तिथेच आहे. पापाचंही असंच असतं. नुसत्या बोलण्यानं ते जात नाही, कुणाला तरी त्याच्यापाशी जावंच लागतं. याला पाठवलं, तर ती शिक्षा झाली. कुणालाच पाठवलं नाही, तर उद्या आणखी कुणाचं पोर जाईल. ज्याचा घात झाला तोच उतरला, तर त्याला क्षमा म्हणायचं. देवानं रक्त मागितलं, असं तुला वाटतं. अरे, त्यानं मागितलं नाही. आपण ज्याचा अपराध केला, तो ख्रिस्तात स्वतः खाली उतरला. त्यानं परक्या कुणाला पाठवलं नाही."

मग अमोसकडे बघून ते एवढंच म्हणाले, "आणि ज्याला क्षमा केली त्याच्या हाती जीव द्यायचा नसेल, तर ती क्षमा कसली?"

ते उतरले. बराच वेळ दगड बाजूला सारल्याचा आवाज येत राहिला. मग धमाका झाला. काठावरची माणसं मागे पळाली. अमोस पळाला नाही. हातांची सालटं निघाली तरी त्यानं एकट्यानं दोर ओढला. पाळक वर आले तेव्हा त्यांच्यात प्राण नव्हता.

पुढे काही दिवसांनी अमोस पाळकांच्या घरी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पाळकीणबाई आत तांदूळ निवडत होत्या. शिष्य तिथेच बसला होता.

"बाई, मला काहीतरी शिक्षा द्या," अमोस म्हणाला. "काहीही द्या. मला असं जगवत नाही."

बाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. नवरा आणि मुलगा दोघेही गेलेली ती बाई होती. तिनं काय बोलावं, हे कुणी तिला शिकवावं अशी कुणाचीच लायकी नव्हती.

"तुझं तोंड बघितलं की माझ्या पोटात आग पडते," त्या म्हणाल्या. "पण तुला मी शिक्षा दिली, तर माझा माणूस उगाच खाली गेला असं होईल. तू मागत राहिलास तरी तेच होईल. आता मागू नकोस. लेकरांना घेऊन ये, जेवायची वेळ झाली आहे."

अमोस लेकरांना घेऊन आला. बाईंनी त्याला स्वतः वाढलं. वाढताना त्या रडत होत्या, पण त्यांनी ताट मागे घेतलं नाही. शिष्यानं ते पाहिलं. क्षमा करणाऱ्याला काय सोसावं लागतं, हे त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.