बिनलोळ्याची घंटा

“…पण मग माणसं मधेच उठून का जातात, बाबा?”

दुधीबाबांनी मान वर केली नाही. मांडवाबाहेर पळालेल्या वेलाचं टोक धरून ते त्याला पुन्हा काठीकडे वळवत होते.

“कोण माणसं?”

“आमचा खेळ खेळून बघायला येतात ती. मघापासून तेच तर सांगतोय.”

“मघापासून तू खेळ किती भारी आहे ते सांगत होतास. उठून जातात, हे आत्ता बोललास.”

इंद्रजित साळोखे गप्प झाला. खाली कोल्हापुरात त्याला गप्प करणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून तर भर दुपारी हा कडा चढून तो मठात आला होता.

आईचं बोट धरून यायचा तेव्हापासून तो बाबांना ओळखत होता. बाबांचं खरं नाव बाबांनाही आठवत नसे. मांडवावर दुधी पिकवतात म्हणून दुधीबाबा. एका साली त्यांच्या वेलाला एक दुधी म्हणे इतका लांबलचक लागला, की देठ मठात आणि बूड पायथ्याच्या गावात. गावानं बुडाकडून भाजीला सुरुवात केली, ती देठाशी पोचेपर्यंत अख्खा श्रावण सरला. बाबांना याबद्दल विचारलं की ते एवढंच म्हणत, “मीठ कमी पडलं होतं.”

“बसा इथं,” इंद्रजित म्हणाला. “दाखवतोच तुम्हाला.”

त्यानं लॅपटॉप उघडून बाबांच्या मांडीवर ठेवला.

पडद्यावर समुद्र होता. धुक्यातलं एक बेट, त्यावर बंद पडलेलं दीपगृह. माणूस नाही, माणसाची सावली नाही. कुलूपबंद दारं, गंजलेली चाकं, भिंतीवर कुणीतरी खरवडलेल्या खुणा. त्या खुणांचा अर्थ लावायचा, दारं उघडायची, वर जाऊन दिवा पेटवायचा. मारामारी नाही, घड्याळाची घाई नाही. खेळणारा एकटा आणि बेट एकटं. चार वर्षं इंद्रजितनं त्या बेटावर लाटेमागून लाट रचली होती.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. लाटेचा आवाज आला. त्यांचे डोळे बारीक झाले.

“डावीकडे दार आहे, बाबा.”

“हं.”

“दार नाही, आधी ती कडी. कडी बघा. बाण दाखवतोय ना तिथं.”

“हं.”

“आता एका बाईचा आवाज येईल, ती सांगते तसं करा… नाही, नाही, पायऱ्या नंतर. आधी चाक. उजवीकडून. थांबा, मीच करतो.”

त्यानं केलं. दार उघडलं.

“बघितलंत?”

“बघितलं,” बाबा म्हणाले. त्यांनी लॅपटॉप हळूच कट्ट्यावर ठेवला, उठले, आणि वेलाला पाणी घालायला निघून गेले.

इंद्रजित त्यांच्या पाठीकडे बघत राहिला… ही पाठ त्याच्या ओळखीची होती. गेले तीन महिने खेळ तपासायला आलेला जो तो अशीच पाठ दाखवून गेला होता.

“तुम्हीपण उठलात,” तो म्हणाला.

“उठलो.”

“बाण घातले मी. बाईचा आवाज घातला. काही अवघड ठेवलं नाही. तरीही… उद्या शेवटची मंडळी येणार आहेत. ती उठली तर पैसे लावणारे खेळ गुंडाळणार, बाबा. आम्ही तिघंही घरी.” तो थांबला. “एकट्या माणसानं रिकाम्या बेटावर तासन्‌तास का बसावं? माझंच चुकलं असेल. कुणाला हवं असतं असलं काही?”

बाबांनी लोटा पालथा घातला.

“भुयारात गेलायस कधी?”

“आईनं कधी जाऊ दिलं नाही.”

“आज आई नाही. जा की. घंटा वाजवून ये.”

कुंभारकड्याचं भुयार मठाच्या पोटात होतं आणि त्याच्या टोकाला पितळी घंटा. मोठ्या महाराजांच्या काळात एक माकड आत शिरून अपरात्री ती वाजवायचं. लोक अंघोळी करून आरतीला हजर, आणि बघतात तर माकड घंटेखाली प्रसादाची वाट बघत बसलेलं. शेवटी महाराजांनी घंटेच्या पोटातला लोळा, म्हणजे ज्याचा टोला पडून घंटा वाजते तो लोखंडी दांडू, काढून भुयारातच कुठंतरी लपवला. आणि कुठं ते न सांगताच समाधी घेतली. माकडानं म्हणे सुतक पाळलं.

पुढं एका शिष्यानं तो शोधून काढला, घंटा वाजवली आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, लोळा काढून पुन्हा नव्या जागी लपवला. तेव्हापासून रीतच पडली. एका वेळी एकानं जायचं. लोळा शोधायचा, घंटा वाजवायची, आणि पुढच्यासाठी लोळा लपवून यायचं.

“मोबाईल ठेव इथं,” बाबा म्हणाले. “आत झरोक्यातून उजेड येतो.”

इंद्रजित वाकून आत शिरला. असली कोडी बनवणं हा त्याचा धंदा होता. चहा उकळायच्या आत बाहेर येऊ, असा त्याचा हिशेब.

आत गार होतं. पायाखाली ओल. वटवाघळांचा उग्र वास. भिंती हाताला लागत, मग लागेनाशा होत. डोळे सरावले तशी पुढं एक मोठी पोकळी दिसली, आणि तिच्या मधोमध घंटा. मुकी.

त्याच्या अंगावर काटा आला. बरा काटा होता तो.

“उजव्या हाताला पायरी आहे.”

आवाज आभाळातून आला. त्यानं वर पाहिलं. छताला झरोका, आणि झरोक्यात बाबांची दाढी.

“दिसली, बाबा.”

“निसरडी आहे. डावा पाय आधी टाक.”

“टाकतो.”

“डावा म्हटलं मी. हां. आता समोर कोनाडा. त्यात बघू नकोस, त्यात काही नाही.”

इंद्रजितनं कोनाड्याकडे नेलेला हात मागे घेतला.

“त्याच्या खालच्या भेगेत पण नाही. तिथं विंचू आहे. गरीब आहे बिचारा. आता तीन पावलं मागं ये.”

“बाबा, मी बघतो ना.”

“बघ की. मी कुठं नको म्हणतोय? खांबाकडे बघ. त्या नव्हे, पलीकडच्या. त्याच्यावर मोर कोरलाय, मोराचा लोळ्याशी काही संबंध नाही. मान वर कर. एवढी नको.”

त्याला घाम फुटला. मघाचा काटा कुठल्या कुठं पळाला होता. आता समोर एक ओलं बीळ होतं आणि आपण त्यात शिरलेला उंदीर आहोत, असं त्याला वाटायला लागलं. निघून जावं. सरळ बाहेर पडावं आणि खाली उतरावं. तो वळलासुद्धा.

“कुठं निघालास? थांब, तुझा वेळ कशाला घालवू,” झरोका म्हणाला. “लोळा कुठंय ते सांगूनच टाकतो. ऐक, त्या…”

“सांगू नका!”

भुयारानं ते शब्द उचलले आणि भिंतीभिंतीवर आपटत दूर नेले… सांगू नका… नका…

दाढी मागे सरकली. झरोक्यात नुसतं आभाळ उरलं.

इंद्रजित आपल्याच आवाजानं दचकून उभा होता. बाबांच्या अंगावर असं कुणी ओरडलं नव्हतं. वर जाऊन पाय धरावेत असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, जाऊ या नंतर. आधी हे…

तो खाली बसला.

शांतता हळूहळू आली, लाजऱ्या मांजरासारखी. आधी त्याचा स्वतःचा श्वास ऐकू आला. मग वटवाघळाची फडफड. मग पाणी. कुठंतरी छतातून झिरपत होतं. टप… टप… बराच वेळ काही नाही… टप.

आणि मग, कोपऱ्यात लांब कुठंतरी, टण.

त्यानं श्वास रोखला.

टप… टप…

टण.

एक थेंब दगडावर पडत नव्हता.

तो हातांवर, गुडघ्यांवर रांगत निघाला. कोल्हापुरात त्याला या अवस्थेत कुणी पाहिलं असतं तर आयुष्यभराचं भांडवल झालं असतं. पण इथं कुणी नव्हतं. थेंब पडला की तो सरकायचा, थेंब थांबला की थांबायचा. भिंतीच्या बुडाशी शेवाळानं भरलेली एक खाच होती. त्यानं बोटं घातली. गार लोखंड बोटांना लागलं.

लोळा खाचेवर आडवा ठेवला होता. थेंब नेमका त्याच्या मधोमध पडेल असा.

इंद्रजितनं तो उचलला नाही. नुसता हात ठेवून बसला.

म्हणजे आधी आलेलं कुणीतरी इथं असंच गुडघे टेकून बसलं होतं. त्यानं हा थेंब ऐकला होता. मग लोळा थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवत, आवाज उठेपर्यंत तो इथंच रमला होता. कुणासाठी? तर ज्याला आयुष्यात कधी बघणार नाही, ज्याचं नावही ठाऊक नाही, अशा कुणासाठी. आणि त्याला पक्कं ठाऊक होतं, की येणारा ऐकेल.

इंद्रजित एकटाच हसायला लागला. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चार वर्षांत त्याला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

मग लोळा घंटेत अडकवून त्यानं ती एकदाच वाजवली. तो आवाज त्याच्या हाडांतून गेला, झरोक्यातून वर गेला, कड्यावरून खाली उतरला आणि पायथ्याच्या गावात म्हणे एका म्हशीनं वेळ नसताना पान्हा सोडला.

मग तो लोळा लपवायला बसला. शोधायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ त्याला लपवायला लागला. एकदा ठेवला, फार अवघड वाटला. उचलला. पुन्हा ठेवला, फार सोपा. शेवटी जिथं ठेवला तिथं ठेवून, दोन पावलं मागं येऊन, येणाऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी त्यानं बघितलं. कुठं ठेवला, ते इथं लिहिणं बरं नव्हे.

बाहेर आला तेव्हा उन्हं कलली होती. गुडघे चिखलानं माखलेले. बाबा कट्ट्यावर दुधी चिरत होते. त्यांनी नुसतं पाहिलं.

“ओरडलो मी तुमच्यावर,” इंद्रजित म्हणाला.

“ऐकलं मी. झरोका चांगला आहे.”

मोबाईलला रेंज फक्त पलीकडच्या धोंड्यावर मिळायची. इंद्रजित धोंड्यावर चढला. खेळाचं काम त्याच्याबरोबर करणारी शर्वाणी दुसऱ्या टोकाला होती.

“बाण काढ,” तो म्हणाला.

“कुठले?”

“सगळे.”

“आणि त्या बाईचा आवाज?”

“तोही. लाटेचा ठेव. वाऱ्याचा ठेव.”

“लोक अडकतील रे.”

“अडकू देत.”

मग तिनं जपून विचारलं, “आणि उद्या ती मंडळी खेळत असताना तू त्यांच्या खुर्चीमागं…”

“मी येणारच नाही.”

तिकडून एक मोठा सुस्कारा. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

“देव पावला,” शर्वाणी म्हणाली. “कधीपासून तुला हे सांगायचं होतं. कोण सांगणार, यावर आमच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या. माझी निघाली होती, पण मी खाल्ली.”

इंद्रजित धोंड्यावरून उतरला तो अजून हसत होता. उद्या ती माणसं उठतील की बसतील, ते ठाऊक नव्हतं.

तो बाबांच्या शेजारी बसला, सुरी घेतली, दुधी चिरायला लागला.

पण सवय ती सवय. त्याच्या जिभेच्या टोकाशी काहीतरी वळवळायला लागलं. एवढी सुंदर जागा शोधली होती त्यानं. कुणाला तरी कळायला नको?

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “लोळा मी कुठं ठेवलाय, ठाऊक आहे? तिथं तो मोराचा खांब…”

बाबांनी दुधी खाली टाकला आणि दोन्ही चिकट हातांनी कान गच्च झाकून घेतले.

“गप, लेका. उद्या मी जाणार आहे.”