चिमाईचं मागचं दार

ही गोष्ट खरी आहे. गळ्याशपथ खरी आहे, यात एक अक्षर पदरचं नाही. सांगणाऱ्याच्या पणज्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे त्या दिवशी तो धामणटेपावर नव्हता, सासुरवाडीला गेला होता. पण परत आल्यावर त्याने जागा पाहिली. तीही लांबून, बांधावर बसून. तरी गोष्ट खरी.

फार वर्षं झाली. तेव्हा धामणटेपावर कौल कोणी पाहिलं नव्हतं. कारवीच्या भिंती, त्यांना शेणमातीचा लिंपा आणि वर गवताचं छप्पर. होळी झाली की डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत व्हायचं, आणि वणवा आज या सोंडेवर तर उद्या त्या. त्या वाडीत शेलारांच्या घरी चिमा नावाची सून होती. घरात माणसं अकरा, दार एक.

एका फाल्गुनात खालच्या वाडीतलं घर पेटलं. माणसं सगळी बाहेर आली होती. मग घरधन्याला देव्हाऱ्यातल्या टाकांची, वाडवडिलांनी पुजलेल्या त्या चांदीच्या देवांची आठवण झाली. तो आत गेला तो गेलाच.

त्या दिवशी जेवताना चिमाने विचारलं, "आपल्याकडे पेटलं, तर कोण काय करणार?"

"मी बैल सोडणार," तिचा नवरा धोंडजी म्हणाला.

"मीही बैलच सोडणार," थोरला दीर म्हणाला. धाकट्या दोघांनीही माना डोलावल्या.

"बैल दोन आणि सोडणारे चार," चिमा म्हणाली. "आणि आत्याबाई?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू तुळसाबाई. गुडघे गेलेले, जिभेची धार शाबूत. "मी देव काढणार," ती म्हणाली. "देव आत असताना मी उंबऱ्याबाहेर पाय टाकायची नाही. तुम्ही जा खुशाल."

चिमाचा घास हातातच राहिला. म्हातारी बोलली की बोलली, हे तिला माहीत होतं. आग लागली तर घरातलं कोण मागे राहणार, ते तिला आताच कळून चुकलं.

दुसऱ्या सकाळी तिने कोयता घेतला आणि चुलीमागची कारवी माणूसभर कापली. कापलेल्या तुकड्याचीच ताटी करून ती एका सुतळीने अडकवली. लाथ मारली की बाहेर पडावी.

"मागचं दार?" तुळसाबाई म्हणाली. "त्यातून लक्ष्मी निघून जाते, ठाऊक नाही?"

"जाऊ दे, आत्याबाई. जळण्यापरीस गेलेली बरी. वाट माहीत आहे तिला, येईल परत."

मग चिमाने अंघोळ केली, पाचही टाक देव्हाऱ्यातून काढून एका परडीत ठेवले आणि परडी सासूच्या अंथरुणाशी नेली. "आजपासून देव तुमच्या हवाली. तुम्ही निघालात तर ते निघतील, तुम्ही बसलात तर ते बसतील. मी मध्ये पडायची नाही."

म्हातारीने परडी जवळ ओढून चाचपली. "हिला झाकण नाही," एवढंच म्हणाली.

मग सुरू झाली तालीम. चुलीवर तपेलीभर दूध चढवायचं आणि त्याला ऊत यायच्या आत सगळ्यांनी दोन्ही दारांनी निघून बांधावरच्या फणसाखाली पोचायचं. धूर वर चढतो म्हणून ओणवं चालायचं. बैल एकानेच सोडायचे, बाकीच्यांनी एकेक पोर उचलायचं. मागे कोणी वळायचं नाही. पहिल्या दिवशी दूध उतू जाऊन चूल विझली, तेव्हा तुळसाबाई पदर सारखा करत होती. दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या वाटेत धोंडजीला शिव्या द्यायला थांबली.

"शेलारांकडे दूध प्यायला माणसं नाहीत वाटतं," वाडी म्हणायची.

पण देव हाती असलेली म्हातारी हार जाईल कशी? दहा-पंधरा दिवसांत ती काठी टेकत सगळ्यांच्या आधी फणसाखाली हजर. मागून येणाऱ्या प्रत्येकाला, "मेल्या, देव कधीचे आलेत," म्हणून हिणवायची. असं म्हणतात, की पुढे पुढे कोंबड्या रांगेने बाहेर पडू लागल्या. बैल आपलं दावं आपणच सोडू लागले. छपरातले उंदीरही फणसाच्या मुळाशी येऊन, कोणाचं पिल्लू राहिलं का, ते मोजू लागले.

चैत्रातल्या एका भर दुपारी चिमा खाली झऱ्यावर गेली होती. हंडा भरून वर पाहते तो सोंड पेटलेली, वारा वाडीकडे आणि घराच्या छपरावर धुराची शेंडी. हंडा तिथेच टाकून ती निघाली. चढ उभा होता. आपण पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असणार, हे तिला पावलापावलाला कळत होतं. ओरडून सांगायला आज ती घरात नव्हती.

वर आली. फणसाखाली तिने बोटाने मोजलं. दहा. बैल दोन. तुळसाबाई मुळावर बसलेली, परडी मांडीवर आणि काठी धोंडजीच्या पोटाला आडवी.

"आई, ढोलकी राहिली आत," धोंडजी काकुळतीला आला होता. "परवाच पुडी बदललीय."

"देव बाहेर आले. तुझी ढोलकी देवापेक्षा मोठी का रे?"

धोंडजी खाली बसला. मग म्हातारी सुनेकडे वळली. "आणि तू कुठे होतीस गं? दूध कधीच उतू गेलं असतं."

चिमाला हसू आलं आणि रडू आलं, आणि ती सासूच्या पायाशी बसून राहिली.

असं म्हणतात, की आग घरात शिरली. माजघर बघितलं, गोठा बघितला, देव्हाऱ्यात डोकावली. कोणीच नाही. मग ती ओशाळून, मान खाली घालून, मागच्या दाराने निघून गेली.

आता धामणटेपावर स्लॅबची घरं आहेत, गॅस आहे. तरी घर बांधताना चिमाईचं दार मागे ठेवतातच. शिमगा झाला की पहिल्या सोमवारी घरोघरी दूध चढतं, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस देवांची परडी घेऊन पुढे निघतं आणि बांधावर माणसं मोजली जातात. ज्यांचं दूध उतू जातं, त्यांनी उद्या पुन्हा निघायचं. रागवायचं नाही.

आता खोटं काय, तेही सांगून टाकू. उंदीर खोटे. आणि आग ओशाळली, हे खोटं. ती काही ओशाळली नाही. घर आढ्यासकट जळलं, ढोलकीही गेली, आणि शेलार पावसाळ्यापर्यंत फणसाखाली राहिले, अकराच्या अकरा.